सॉफ्ट स्किल्सची सुरुवात कुठून करायची?

सॉफ्ट स्किल्स म्हणजे बोलणं, लिहिणं, लोकांबरोबर काम करणं. इंजिनिअरिंग करताना हे सगळं एकदम सुधारायला जाऊ नकोस. पहिले तीन महिने दोनच गोष्टी धर: कामाचा ईमेल आणि तोंडी अपडेट.

ईमेलच्या विषयात नुसतं 'मदत हवी' नको. 'पंप चाचणी: दाब कमी येतोय, बुधवारपर्यंत नवा गेज हवा' असं लिहिलंस की मेल न उघडताही समोरच्याला काम कळतं. आत पाच-सहा ओळी पुरेत: काय अडलं, काय करून पाहिलं, कोणाकडून काय हवं.

तोंडी अपडेट ९० सेकंदांत बसव. निष्कर्ष आधी, कारण नंतर. इंजिनिअरिंगची मुलं नेमकं उलटं करतात, कारण उद्देश, पद्धत, निरीक्षणं आणि शेवटी निष्कर्ष हा प्रॅक्टिकलच्या जर्नलचा क्रम अंगवळणी पडलेला असतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. 'ॲक्च्युअली' किती वेळा येतं ते मोज.

हमखास होणाऱ्या चुका:
- न समजता मान डोलावणं. सूचना आपल्या शब्दांत परत सांग: 'म्हणजे आधी गळती तपासायची, मगच गेज बदलायचा, बरोबर?'
- अडचण शेवटच्या दिवशी सांगणं. उशीर दिसताच कळव, त्यात कमीपणा नाही.
- फाडफाड इंग्रजीलाच संवादकौशल्य समजणं.

नेतृत्व, वाटाघाटी सध्या राहू दे. प्रोजेक्टच्या पुढच्या मीटिंगची टिपणं मात्र तूच घे आणि कोणी काय, कधीपर्यंत करायचं ते त्याच संध्याकाळी सगळ्यांना पाठव.