पकड धूसर येते, काय करावं?

प्रश्न : मुलगी शाळेच्या संघातून कबड्डी खेळते. सामने संध्याकाळी दिव्यांखाली असतात. माझ्याकडे क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा आणि ५५-२५० मिमी लेन्स आहे. शटर १/१२५ ठेवतो. आयएसओ ८०० च्या वर नेला की फोटो खराब होतो असं ऐकलंय, म्हणून तो तिथेच. चेहरे ओळखू येतात, पण हात-पाय पुसट. काही फोटोंत आडवा पिवळट पट्टाही दिसतो. — एक वाचक, सांगली

उत्तर : आयएसओची, म्हणजे सेन्सरचा प्रतिसाद वाढवून फोटो उजळ करणाऱ्या आकड्याची, धास्ती आधी सोडा. सेकंदाला ५ मीटर वेगाने झेपावणारी खेळाडू १/१२५ सेकंदात ४ सेंटिमीटर सरकते, तर १/१००० मध्ये जेमतेम ५ मिलिमीटर. हात-पाय धडाहून वेगात फिरतात, म्हणून आधी तेच पुसतात. आयएसओ वाढल्याने आलेले दाणे नंतर बऱ्यापैकी काढता येतात, पुसलेला हात मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने खरा परत येत नाही.

चढाई आणि पकडीसाठी १/८०० ते १/१००० धरा. चढाईपटू मध्यरेषेजवळ अंदाज घेत असते किंवा बोनससाठी पाय टाकून क्षणभर थबकते, तेव्हा १/५०० सुद्धा चालतं. १/१२५ वरून १/१००० म्हणजे प्रकाश आठपट कमी. तेवढाच उजेड हवा तर ८०० चा आयएसओ ६४०० करावा लागेल. बेलाशक करा. ८०० वर अंधारा फोटो काढून संगणकावर उजळला, तरी दाणे तेवढेच किंवा जास्तच दिसतात.

खरी अडचण लेन्सची आहे. २५० मिमीला तुमचं छिद्र एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त). ५५ मिमीला ते एफ/४ मिळतं, म्हणजे ६४०० च्या जागी ३२०० पुरेल. जवळ बसा, थोडं रुंद टिपा, नंतर कापा. खर्चाची तयारी असेल तर ८५ मिमी एफ/१.८ घ्या. एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, आयएसओ ६४० च्या आसपास येतो. कबड्डीचं मैदान लहान असल्याने ही लेन्स पुरते. एफ/१.८ ला फोकसची खोली मात्र फार कमी, तेव्हा एफ/२.२ वर कंटिन्युअस फोकस (हलत्या खेळाडूवर सतत जुळत राहणारा) लावून काढा. जागा बचाव करणाऱ्या संघाच्या अंतिम रेषेमागची, म्हणजे चढाईपटूचा चेहरा समोर येतो.

दिवे सामनाभर तेच असतात. म्हणून मॅन्युअल मोडमध्ये छिद्र, शटर, आयएसओ तिन्ही सुरुवातीलाच ठरवून टाका. ऑटो आयएसओ मागचा काळोख पाहून फसतो आणि चेहरे पांढरेफटक करतो.

पट्टा दिव्यांचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर वेगवान असलं की सेन्सरचा एक भाग प्रखर क्षणी उघडतो, दुसरा मंद क्षणी. मेन्यूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. फ्रेम घ्यायला कॅमेरा किंचित उशीर लावेल, पण रंग सारखे येतील. इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलवता सेन्सर ओळीओळीने वाचणारं) टाळा, त्यात पट्टे वाढतात.

प्रश्न : बैलगाडा शर्यतीचा फोटो १/२००० ला स्वच्छ येतो, पण गाडा उभा असल्यासारखा वाटतो. — एक वाचक, जुन्नर

उत्तर : गाड्याबरोबर कॅमेरा फिरवा, म्हणजेच पॅनिंग करा. १/३० ला पार्श्वभूमी सुरेख ओढली जाते, पण बैलांची डोकी वर-खाली होत असल्याने तीही पुसतात. १/८० ते १/१२५ इथे जास्त कामाचं. भर उन्हात आयएसओ १०० आणि १/१०० ला एफ/१६ लागतं आणि इतक्या बारीक छिद्राने फोटोची धार कमी होते. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश आठपट कमी करणारी काळसर काच, लावलात तर एफ/५.६ वर येता. पाय रोवून कमरेतून वळा, गाडा समोर यायच्या आधीपासून त्याच्या मागे राहा आणि बटण दाबल्यावरही फिरणं थांबवू नका. धुरळा उडाला की फोकस त्यावर अडकतो, म्हणून फोकसचा बिंदू बैलाच्या डोक्यावर ठेवा.

प्रश्न : लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे. मग शटर कमी ठेवलं तर चालेल ना? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. तो तुमच्या हाताची थरथर सावरतो, समोरच्याचं पळणं नाही.