ट्रेकसाठी घडीचा चाकू घ्यायचाय: व्हिक्टोरिनॉक्स, ओपिनेल, स्पायडर्को की गॅन्झो? पैसे वसूल कशात?

महिन्याकाठी एखादा ट्रेक आणि एरवी डब्यातली फळं कापणं, एवढंच काम आहे म्हणताय. मग मी ओपिनेलचा ८ नंबर घ्या म्हणेन, पण स्टेनलेसच. मुंबईत चाकू घेताना आधी हवा बघायची, ब्रँड नंतर.

ओपिनेल फ्रान्सचा, १८९० पासूनचा. पातं साडेआठ सेंटिमीटर आणि इतकं पातळ की पिकलेला टोमॅटोही चेंगरत नाही. कार्बन स्टीलचंही मिळतं, त्याला धार चटकन लागते. पण कैरी कापलीत की आजीच्या विळीवर पडायची तशी फोड काळी पडते, आणि जुलैत रात्रभर ओलं राहिलं तर सकाळी तांबडे ठिपके. म्हणून पात्यावर ‘इनॉक्स’ (म्हणजे स्टेनलेस) शिक्का आहे का ते बघा. मूठ बीचच्या लाकडाची. पावसाळ्यात ती फुगते आणि पातं आत घट्ट बसतं, नखाला दाद देत नाही. अशा वेळी लॉकची कडी (पातं जागच्या जागी धरून ठेवणारी) मोकळी करायची आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं. पातं डोकं वर काढतं.

व्हिक्टोरिनॉक्सचं स्टील त्या मानाने मऊ, कडकपणाच्या रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास. धार लवकर जाते, पण परतही लवकर येते. चिनी मातीचा कप उपडा करा, बुडाच्या खरखरीत कडेवर पातं दहा-बारा वेळा हलक्या हाताने फिरवा, झालं. गंजाचा त्रास जवळपास नाही. ओपनर, कात्री लागत असेल तर हाच घ्या. फक्त नेहमीच्या, मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणाऱ्या चाकूत पात्याला लॉक नसतं. लॉक १११ मिलिमीटरच्या मॉडेलांत मिळतं.

लॉकचं एवढं सांगतोय, कारण फुटपाथवरून घेतलेल्या एका बिननावाच्या चाकूने मला धडा दिलाय. सुंभ कापताना लॉक सुटलं आणि पातं तर्जनीवर मिटलं. तीन टाके.

स्पायडर्कोत नुसत्या नावाला भुलू नका. डेलिका जपानच्या सेकी शहरात बनतो, व्हीजी-१० स्टीलचा, धार महिनोन्‌महिने टिकते. त्याच कंपनीचा टेनेशियस चीनमध्ये बनतो, त्याचं साधं स्टील त्या तोडीचं नाही. फळांसाठी डेलिका म्हणजे चैन. (चैन करायला माझी ना नाही.) गॅन्झो चिनी, पण किमतीच्या मानाने काम सफाईदार. डी-२ स्टीलचं मॉडेल मात्र किनाऱ्यालगत राहणाऱ्याने टाळावं, ते पुरतं स्टेनलेस नाही.

कुठलाही घ्या, सायकलवरच्या धारवाल्याकडे नेऊ नका. ठिणग्या उडेपर्यंत घासलं की पातं तापून त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं.

आणि हो, शस्त्र नियमांतली पात्याच्या लांबीची ९ इंचांची मर्यादा हे चाकू ओलांडत नाहीत, पण मुंबईत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली अधूनमधून मनाई आदेश निघतात, त्यांत चाकूही येऊ शकतो. रोज खिशात घालून हिंडू नका. मेट्रोच्या तपासणीत तर अडवतीलच, त्यामुळे ट्रेकच्या दिवशी कर्जत-कसाऱ्याची लोकल पकडायला रिक्षानेच स्टेशन गाठा. चाकू सॅकच्या तळाशी, जेवणाच्या डब्याबरोबर.