एकट्याने निघालेल्या माणसाकडे माणसे का ओढली जातात?

प्रश्न : आदरणीय ताई, स. न. वि. वि. मी इंदूरला रामबागेत राहते. माझे वय ४३ आहे. माझी धाकटी नणंद नोकरीनिमित्त बडोद्याला असते आणि वर्षातून एकदोनदा एकटीच प्रवासाला निघते. यंदा ती लडाखहून थेट आमच्याकडे गणपतीला आली. घरात वीस-बावीस माणसे होती, पण जो तो तिच्याभोवती होता. ती दिसायला चारचौघींसारखीच आहे आणि बोलतेही बेताचेच. रात्री आरती झाल्यावर ती माझ्या आत्येसासूबाईंजवळ तासभर बसून होती. त्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे त्या सहसा कोणात मिसळत नाहीत. त्या रात्री मात्र त्या मोकळेपणाने हसत होत्या. मी वीस वर्षे या घरात आहे, पण मला ते जमलेले नाही. मला तिचा हेवा वाटतो आणि हेवा वाटतो याची लाजही वाटते. प्रवासामुळे ती अशी झाली, की मुळात अशी होती म्हणून प्रवास करू शकली? मी आजवर माहेरी जबलपूरलासुद्धा एकटी गेलेली नाही. या वयात माझ्यात काही बदल होईल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. हेव्याची लाज वाटून घेऊ नका. ज्या गोष्टीची आपल्याला मनापासून गरज असते तिचाच असा हेवा वाटतो, आणि तो तुम्ही प्रामाणिकपणे कागदावर उतरवला आहे.

तुमचा पहिला प्रश्न संशोधकांनाही पडलेला आहे. जर्मनीतील युलिया झिमरमन आणि फ्रान्झ नायर या मानसशास्त्रज्ञांनी शिक्षणासाठी काही काळ परदेशी गेलेल्या आणि मायदेशीच राहिलेल्या विद्यार्थ्यांची तुलना करून २०१३ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या. जाणारे विद्यार्थी निघण्यापूर्वीच इतरांपेक्षा काहीसे अधिक मिळून-मिसळून वागणारे होते. परंतु परत येताना ते अधिक मोकळ्या मनाचे, इतरांशी अधिक जुळवून घेणारे आणि मनाने अधिक स्थिर झालेले होते. मला त्या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढेच आहे : हा बदल मुख्यतः तिथे नव्याने जोडलेल्या माणसांमुळे घडलेला दिसला. तेव्हा तुमच्या नणंदबाईंना लडाखच्या डोंगरांनी जे दिले, त्याहून कितीतरी अधिक तिथे वाट सांगणाऱ्या, चहा देणाऱ्या, गाडीत शेजारी बसलेल्या माणसांनी दिले असावे.

आता तुमच्याच पत्रातला एक तपशील पुन्हा वाचा. त्या काय बोलल्या, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्या आत्येसासूबाईंजवळ तासभर बसल्या, हे लिहिले आहे. एकट्याने फिरणाऱ्या माणसांकडे आपण ओढले जातो याचे कारण मला तरी इथेच दिसते. बरोबर घरची माणसे असली की आपले डोळे आणि कान त्यांच्यातच गुंतलेले असतात. पाणी कोणी घेतले, तिकिटे कोणाकडे आहेत, कोण रुसले आहे, यातच प्रवास सरतो आणि समोरच्या बाकावरचा माणूस आपल्याला दिसतही नाही. एकट्या माणसाला मात्र समोरच्याकडे नीट पाहावे लागते, त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे लागते, कारण पुढचा रस्ता त्याच बोलण्यात असतो. हे ऐकणे हळूहळू अंगवळणी पडते आणि मग घरी आल्यावरही सुटत नाही. ज्यांचे बोलणे घरात कोणी पुरते ऐकत नाही त्या वृद्ध बाईंना ते सर्वांत आधी कळावे, यात नवल नाही.

आपल्या नर्मदाकाठी हे पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे. खांद्यावर झोळी, हातात कमंडलू, नदी सतत उजव्या हाताला, आणि रात्रीच्या जेवणाचा भरवसा गावकऱ्यांच्या सदावर्तावर, अशा स्थितीत परिक्रमावासी चालत असतो. त्याच्याजवळ द्यायला काही नसते, तरीही तो ओसरीवर टेकला की गाव त्याच्याभोवती जमते. मला वाटते, ज्याला मागण्याचा संकोच उरलेला नाही आणि मिळेल त्यात ज्याचे मन निवांत आहे, अशा माणसाजवळ आपणही सैल होतो.

आत्मविश्वासाबद्दल मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. एकटे फिरणारे भीत नाहीत, असे मुळीच नाही. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली, ‘हे काम मला जमेल’ हा विश्वास माणसात कशातून येतो याची मांडणी केली. स्वतः काही पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि त्या क्षणीची आपल्या शरीर-मनाची अवस्था, असे चार उगम त्यांनी सांगितले आणि त्यांत स्वतःच्या अनुभवाला सर्वांत बळकट मानले. म्हणूनच ‘तुला सगळे जमेल’ असे यजमानांनी कितीही वेळा सांगितले तरी त्याने फारसे भागत नाही.

माझा अनुभव सांगते. चाळिसाव्या वर्षी मी प्रथमच एकटी महेश्वरला गेले. इंदुरापासून ते जेमतेम नव्वद किलोमीटर. परतताना धामनोदला उतरले तेव्हा अंधार पडू लागला होता आणि इंदूरची जी गाडी मी धरणार होते ती निघून गेली होती. पर्समधली सुटी नाणी मोजताना माझी बोटे थरथरत होती. दोनदा मोजली, दोनदा वेगळा आकडा आला. चहाच्या टपरीवरच्या बाईंनी ते पाहिले असावे. त्यांनी पदराने बाक पुसला आणि म्हणाल्या, “बैठो बाई, इंदौर की गाड़ी बाहर रोड पे मिलेगी, मैं बता दूँगी.” पाऊण तासाने गाडी आली आणि त्यांनी रस्त्यापर्यंत येऊन ती हात करून थांबवली. त्या दिवशी मी काही शूर झाले नाही. विचारले तर कोणीतरी सांगते आणि तोवर आपण एका बाकावर बसून राहू शकतो, एवढे मात्र मला कळले. पुढच्या प्रत्येक प्रवासात मला तेवढे पुरले आहे.

‘एकटीच का जातेस?’ हा प्रश्न तुम्हाला घरात विचारला जाईल, तेव्हा डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण ठेवा. वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेला निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, त्यांनी सेरामपूरच्या कॉलेजात जाहीर भाषण केले. लोक मागे कुजबुजत होते ते प्रश्न त्यांनी स्वतःच एकेक करून मांडले आणि त्यांची उत्तरे दिली. मी एकटी का जाते, हा त्यांतलाच एक. त्या वेळी त्या पुरत्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा ओळखीच्या मिशनरी बायकांची सोबत होती, पण नात्यातले कोणीही नव्हते. त्यांनी कोणावर राग धरला नाही की प्रश्न टाळलाही नाही. तुम्हीही ‘मला जावेसे वाटते’ एवढे शांतपणे सांगा, जाण्या-येण्याची वेळ लिहून ठेवा आणि पोहोचल्यावर फोन करा. घरच्यांची काळजी खोटी नसते. बाईने एकटीने फिरताना सावध असलेच पाहिजे : अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचणे, फोनची बॅटरी राखणे, रेल्वेचा १३९ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ हे क्रमांक ध्यानात ठेवणे, यात कमीपणा नाही.

पहिल्या खेपेस जबलपूर नको. तिथे उतरताच तुम्ही पुन्हा कोणाची तरी लेक व्हाल. महेश्वरला जा. सकाळच्या गाडीने निघून संध्याकाळच्या आत परत येता येते. अहिल्याबाईंचा वाडा पाहा, हातमागावर साडीचा काठ कसा उतरतो ते विणकराला विचारा आणि मग घाटावर तासभर काहीही न करता बसा. त्या तासात पहिली पंधरा-वीस मिनिटे अवघडल्यासारखे होईल, सगळे आपल्याकडेच पाहत आहेत असे वाटेल. तरी उठू नका. आणि निघण्यापूर्वी नणंदबाईंना एक फोन करून, पहिल्या खेपेला तुला कशाची भीती वाटली होती, एवढे विचारा. हेवा निम्मा तिथेच ओसरेल, असा माझा अनुभव आहे. फेब्रुवारी संपण्यापूर्वी जाऊन या. पुढे दुपारी घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेववत नाही.

प्रश्न : मी बऱ्हाणपूरचा असून शिक्षणासाठी इंदूरला राहतो. वय २२. एकट्याने प्रवास करणाऱ्यांची छाप पडते असे मित्र म्हणतात, म्हणून मलाही जायचे आहे. परंतु मला साधे हॉटेलात एकट्याने जेवायला बसणेही जमत नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर : जेवणापासूनच. छाप पडावी म्हणून निघालात तर सारा वेळ स्वतःकडे पाहण्यात जाईल आणि जिच्यामुळे माणसे जवळ येतात ती दुसऱ्याकडे पाहण्याची सवय लागणारच नाही. तूर्त तिकीट काढू नका. रात्री सोन्या-चांदीची दुकाने मिटल्यावर सराफ्यात खाण्याच्या गाड्या लागतात, तिथे एकटे जा. मोबाइल खिशातच राहू द्या. हिवाळा असेल तर गराडूच्या कढईपाशी उभे राहा, कंद किती वेळ तळतात, वरून भुरभुरायच्या जिरावण मसाल्यात काय काय पडते, हे गाडीवाल्याला विचारा, आणि हातातला द्रोण संपेपर्यंत तिथून हलू नका. असे चारपाच वेळा झाले की मला पुन्हा लिहा. प्रवास कुठे करायचा ते तेव्हा ठरवू.