स्पीकर तगडे, अ‍ॅम्पसाठी पैसे थोडे

प्रश्न : माझ्या बुकशेल्फ स्पीकरवर '4 ओहम, 85 डेसिबल' असं छापलंय. ते सिनेमासाठी घेतलेल्या एव्ही रिसीव्हरला जोडलेत. आवाज वाढवला की एखाद्या जोरदार प्रसंगात रिसीव्हर पटकन बंद पडतो. त्यावर तर 100 वॅट लिहिलंय! सध्या हात आखडता आहे. '300 वॅट'चा छोटा क्लास-डी (स्विचिंग पद्धतीचा) अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे अ‍ॅम्प, आणि 8 ओहमला 60 वॅटचा जुना इंटिग्रेटेड अ‍ॅम्प एकाच किमतीत मिळतायत. कोणता घेऊ?

उत्तर : जुना घ्या, पण तपासून.

आधी रिसीव्हरच्या मॅन्युअलमध्ये त्या 100 वॅटशेजारची बारीक अक्षरं वाचा. अनेकदा तिथे '6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के डिस्टॉर्शन, एकच चॅनेल चालू' असं सापडतं. 10 टक्के डिस्टॉर्शन म्हणजे आवाज फाटलेलाच. असा आकडा ठळक छापणं मला मुळीच पटत नाही, कारण त्यापायी लोक चांगले स्पीकर खराब समजून विकून टाकतात.

85 डेसिबल हा आवाजाचा आकडा बहुधा 2.83 व्होल्ट देऊन 1 मीटरवर मोजलेला असणार. ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युतरोध, तो जितका कमी तितका करंट जास्त. तेवढे व्होल्ट 8 ओहमला 1 वॅट देतात, 4 ओहमला 2. म्हणजे 1 वॅटला तुमचा स्पीकर 82 डेसिबलच देतो. 3 मीटरवर बसून सरासरी 75 डेसिबलने ऐकायला प्रत्येक स्पीकरला साधारण अर्धा वॅट पुरतो. पण ड्रमचा ठोका त्याच्या 20 डेसिबल वर उसळू शकतो, आणि 20 डेसिबल म्हणजे शंभरपट पॉवर, 50 वॅट. त्या क्षणी अ‍ॅम्पला 20 व्होल्टपर्यंत जावं लागतं. 4 ओहमवर त्याचा करंट होतो 5 अँपिअर. '4 ओहम'चे स्पीकर काही फ्रीक्वेन्सींना 3 ओहमपर्यंत उतरतात, तिथे तोच करंट जवळजवळ 7 होतो. तुमच्या रिसीव्हरला तो झेपत नाही आणि प्रोटेक्शन रिले, म्हणजे आतला संरक्षक स्विच, सुटतो. रिसीव्हरच्या मागे असलेल्या 4 ओहमच्या स्विचवर भिस्त ठेवू नका. बहुतेक रिसीव्हरमध्ये तो आतले व्होल्ट उतरवतो. गरम होणं कमी होतं, पण पॉवरही घटते.

छोट्या अ‍ॅम्पचा अडॅप्टर पाहा. 32 व्होल्ट, 5 अँपिअर असेल तर दोन्ही चॅनेल मिळून फार तर 160 वॅट येणार, 300 कुठून? तुमची गरज तेवढ्यातही भागेल. माझी अडचण वेगळी आहे. स्वस्त क्लास-डीमध्ये आउटपुट फिल्टर बरेचदा फीडबॅकच्या (बाहेर पडणारा सिग्नल तपासून चूक सुधारणाऱ्या सर्किटच्या) बाहेर असतो, त्यामुळे स्पीकरच्या ओहमप्रमाणे वरच्या पट्टीचा आवाज बदलतो. 4 ओहमवर तो दबलेला वाटू शकतो. फिल्टरनंतर फीडबॅक घेणारा मिळाला तर मात्र बिनधास्त घ्या.

जुन्या अ‍ॅम्पच्या मागे 4 ओहम चालेल असं लिहिलेलं हवं. स्पीकर न जोडता तो दहा मिनिटं तापू द्या, मग मल्टिमीटरने स्पीकर टर्मिनलवरचा डीसी मोजा. 50 मिलिव्होल्टच्या आत असला तर ठीक, 100 च्या वर गेला तर सोडून द्या. मग साधे स्पीकर लावून अगदी हळू आवाजात ऐका. एक बाजू मधेच गायब होऊन आवाज वाढवताच परत आली, तर रिलेचे पॉइंट खराब आहेत. दुरुस्ती स्वस्त असते, भाव तेवढा पाडून घ्या. व्हॉल्यूमची खरखर क्लीनरने बहुधा जाते. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण स्पीकरमधून येत असेल तर कपॅसिटर थकलेत, तिथे घाई नको.

आणि त्यावर 'ए' व 'बी' अशा दोन जोड्यांची सोय असली तरी दुसरी जोडी या स्पीकरांबरोबर एकाच वेळी चालवू नका.