रत्नागिरीतून स्पेस स्टेशन जाताना दिसलं. एवढ्या मोठ्या सांगाड्यावर अवकाशातल्या प्लाझ्मामुळे चार्ज साठून रेडिओत खरखर होत नाही का?

चार्ज साठतो, आणि ठिणगी उडाली तर खरखर होऊच शकते, म्हणूनच तिथे खास सोय केलीय. मी मिरकरवाड्याला बोटींवर वायरलेस बसवतो. फायबरच्या बोटीला अर्थिंगसाठी खाली पाण्यात तांब्याची पट्टी लावतो ना, तसंच समजा, फक्त पाण्याच्या जागी प्लाझ्मा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉन-आयनांचा विरळ वायू. स्टेशन साधारण ४०० किमीवर फिरतं, सोलर पॅनल १६० व्होल्टचे, आणि इलेक्ट्रॉन हलके असल्याने जड आयनांपेक्षा पटापट गोळा होतात त्यामुळे अख्खा सांगाडा निगेटिव्ह होतो, सोय केली नाही तर १४० व्होल्टपर्यंत जाईल असा हिशोब होता, आणि तेवढ्यात ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर फुटून ठिणगी पडू शकते. म्हणून २००० साली प्लाझ्मा कॉन्टॅक्टर बसवले, ते झेनॉन वायूच्या मदतीने जास्तीचे इलेक्ट्रॉन बाहेर सोडतात, सांगाडा ४० व्होल्टच्या आत ठेवायचा. एक मात्र आहे, शंभरेक मीटरचा सांगाडा सेकंदाला पावणेआठ किमी वेगाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कापत जातो, त्याने दोन टोकांत वीसेक व्होल्टचा फरक पडतोच, तो कॉन्टॅक्टर लावूनही जात नाही.