मनातला ‘च’, कागदावरचा ‘च’

एप्रिल संपत आला की घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी हमखास येतात. गाऱ्हाणं एकच: “दोन वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलं, आणि रात्री दहाला व्हॉट्सॲप येतो, उद्यापासून येणार नाही.” शाळेतला प्रवेश, गावाहून आलेली आजी, बदली. कारणं ठरलेली.

डोंबिवलीच्या अशाच एका काकूंकडे आठ मुलं होती. पंधरवड्यात तीन गेली. मदतनीस बाईचा पगार मात्र तेवढाच राहिला. पहिल्या भेटीत त्या नुसता हिशेब मांडत होत्या. तो खरा होता, पण झोप उडाली होती ती हिशेबानं नव्हे. गेलेल्यांपैकी एकाची पाण्याची बाटली अजून त्यांच्या ओट्यावर होती.

“परत का नाही पाठवली?”

“त्यांनीच न्यायला यायला हवं ना! आणि आधी सांगायलाच हवं होतं. माणुसकी म्हणून.”

“ठरलं काय होतं तुमचं?”

“ठरवायचं काय त्यात? घरचंच होतं सगळं.”

तिसऱ्या भेटीत मी त्यांना मनातली वाक्यं वहीत उतरवायला लावली. जवळजवळ प्रत्येक वाक्यात एक ‘च’. म्हटलं, “तेवढं अक्षर खोडा आणि मोठ्यानं वाचा.”

“त्यांनी आधी सांगायला हवं होतं.” काकू थांबल्या. पुन्हा वाचलं. डोळे भरून आले. “वाईट वाटतंय हो. पण डोकं नाही तापत मघासारखं.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, ती याच फरकावर उभी आहे: इच्छेचा हट्ट झाला की दुःखाचा संताप होतो. मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो, हे मला मात्र इतक्या वर्षांनी त्या दुपारी दिसलं. (तेव्हापासून प्रशिक्षणवर्गात हेच उदाहरण देतो.)

पण खोडलेला ‘च’ फेकून द्यायचा नाही. तो कागदावर हवा. काकू स्वतःला आजी समजत होत्या, म्हणून नियम सांगायला लाजत होत्या. पालक गिऱ्हाइकासारखे वागले की मग दुखावत होत्या. मी सगळ्यांनाच सांगतो: प्रवेशाच्या वेळी एका महिन्याची अनामत घ्या आणि ती शेवटच्या महिन्यात वळती करा. म्हणजे कोणी रातोरात गेलं तरी तो महिना बुडत नाही. ‘एक महिना आधी कळवावेच लागेल’ हे लिहून सही घ्या. मार्चमध्येच प्रत्येकाला विचारा, जूनला मूल येणार का? चौकशीला आलेल्यांचे नंबर वहीत ठेवा. जुन्या पालकांना नियम मध्येच लावू नका, जूनपासून लावा. आणि मुलाला एक शेवटचा दिवस मागून घ्या. त्यालाही निरोप घ्यायचा असतो.

बाटली काकूंनी स्वतः नेऊन दिली. मूल गळ्यात पडलं, आई ओशाळली.

यंदा एका आईची नोकरी अचानक गेली, मूल दुसऱ्या दिवसापासून बंद. काकूंनी अनामत परत केली आणि मला फोन लावला, “चुकलं का माझं?”

“देताना चरफड झाली?”

“छे.”

“मग नाही चुकलं.”