पुण्याहून परदेशात जाऊन पाण्याकाठाने जाणारा एकच रस्ता गाडीने पाहायचा असेल, तर कोणता निवडावा?

माझ्या मते ऑस्ट्रेलियातील ग्रेट ओशन रोड. व्हिक्टोरिया राज्यातील सुमारे २४० किलोमीटरचा हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, धारातीर्थी पडलेल्या सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ, बव्हंशी कुदळ-फावड्याने खोदून काढला. हे ठाऊक असले की कड्यातील प्रत्येक वळण निराळेच वाटते.

तिथेही वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्त्याच्या पूर्व टोकाच्या टॉर्की गावाहून पश्चिमेकडे निघावे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या टप्प्यांत समुद्र आपल्याच बाजूला राहतो आणि थांब्यावर वळताना समोरची वाहने आड येत नाहीत. लाटांनी कड्यापासून सुटे केलेले ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ हे चुनखडीचे सुळके सूर्यास्ताच्या वेळी पाहावेत. त्यांतील एक २००५ मध्ये कोसळला. एका दिवसात हा प्रवास उरकू नये, निदान दोन मुक्काम अवश्य करावेत.

नॉर्वेचा अटलांटिक रोड आठ पुलांमुळे विलक्षण आहे, पण जेमतेम आठ किलोमीटरचा. आणि परदेशी निघण्यापूर्वी ताम्हिणी घाट उतरून दिवेआगर ते श्रीवर्धन हा सागरकिनाऱ्याचा रस्ता पाहिला नसेल, तर तो आधी पाहावा, असे मनापासून सांगतो.